शिवेबाहेरची वाडी

मथुराने कळशी विहिरीच्या कठड्यावर अशी आपटली, की लाल माठाच्या वाफ्यात बसलेली सलोनी दचकून उभी राहिली.

"परत सांगा, दाजीनू," मथुरा म्हणाली. "माका आयकाक कमी येता."

कसले कमी येते! देवळाचे मानकरी दाजी दगडी गडग्याच्या पलीकडे उभे होते. वाडीत पाय टाकायला ते काही तयार नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

"उद्या गावपळण. तीन दिवस गावात चिटपाखरू ऱ्हवाचा नाय, देवाचो कौल आसा. आमचे लोक हंय बाप्तिस्ताच्या मळ्यात झोपड्यो घालतले. तर तुमी सगळ्यांनी तीन दिवस खंय तरी..." त्यांनी कसाल गावाच्या दिशेने हात हलवला. "पावण्यांकडे वगैरे."

मथुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांपूर्वी मथुरा, सलोनी धरून सहा जणांनी, एचआयव्ही असलेल्या सहा जणांनी, ग्रामसभेत शाळेमागची पडीक जागा भाजीसाठी मागितली होती. भीक नव्हती मागितली, जागा मागितली होती. तेव्हा हेच दाजी उठले होते. थंय पोरां खेळतत, म्हणाले होते. सभेत एकाने तोंड उघडले असेल तर शपथ. शेवटी म्हाताऱ्या बाप्तिस्ताने गावाच्या शिवेबाहेरचा, दगडधोंड्यांचा आपला तुकडा काही न बोलता देऊन टाकला. दगड त्यांनी हातांनी वेचले, त्याच दगडांचा गडगा रचला. शेवगा लावला, माठ, चवळी, वांगी लावली, कोंबड्या पाळल्या. गोळी रोज घ्यायची तर पोटात काही हवे, असे दवाखान्यातली नर्स घसा फोडून सांगायची. चौतीस किलोची सलोनी आता त्रेचाळीस किलोची झाली होती. आणि तीन दिवस पाणी पडले नाही तर सगळे वाफे माना टाकणार होते.

"शिवेभायर तुमीच घातल्यात," मथुरा म्हणाली. "आता भायरच्या भायर खंय जावचा, ताय सांगा."

"बायकापोरां भियतत गो. समजून घे."

"भियतत? माठाक भियतत? पाणी आमी शिपलेला म्हणान? आमका मेल्यांका कोण समजून घेतला? आमी हलाचंव नाय. जावा, देवाक सांगा."

दुसऱ्या दिवशी गाव आला. टेम्पो, गुरे, कुत्री, कोंबड्या, पाळणे, भजनाची पेटी. माडाच्या झापांच्या झोपड्या उठल्या, चुली पेटल्या, जत्राच म्हणायची. पण गडग्यापासून चाळीस पावले जागा सोडून. गडग्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर, आणि हे शहाणे पाण्याचे कॅन टेम्पोतून आणत होते! एका पोराचा चेंडू वाडीत आला. मथुराने तो परत फेकला. "हात लावू नको," त्याची आई ओरडली. चेंडू संध्याकाळपर्यंत उन्हात तसाच पडून राहिला.

मथुरा मुद्दाम दिसेल अशी उभी राहून पाणी शिंपत होती, आणि तोंडाने अखंड शिव्या देत होती.

गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी, पुरुषांची पंगत बसली असताना, दाजींची सून दीपिका रिकामी कळशी घेऊन गडगा ओलांडून आली. मथुराने रहाट थांबवला.

"काय गो? सासऱ्यान पाठवल्यान?"

दीपिकाने मागे पाहिले. मग शेवग्याच्या आड झाली. "काकी, तुमी गोळ्यो खंय ठेवतास?"

"कसल्यो गोळ्यो?"

दीपिकाने कनवटीची गाठ सोडली. मथुराने ती गोळी लांबूनच ओळखली. रोज पाहायची ना ती.

"घराक तांदळाच्या पिपात लपयतंय. हंय झोपडीत सगळाच उघडा. दोन दिस घेवक जमला नाय. चार वर्षां झाली. न्हवऱ्याक, दीपेशाक, म्हायत आसा. मामंजींका नाय."

"त्या सभेक तू होतंस." मथुराचा आवाज फाटला. "सासऱ्याच्या पाठसून बसलेलंस. माका दिसलेलंस."

"होतंय."

"मगे?"

मथुराचा हात शिवशिवला. या पोरीच्या एक कानफटात द्यावी, मग त्या सबंध मळ्यातल्या प्रत्येकाच्या द्यावी, असे तिला वाटले. तेवढ्यात सलोनी न सांगता आली. तिच्या हातात पेजेचे ताट होते, त्यावर माठाची भाजी आणि उकडलेले अंडे. दीपिका खाली बसून भराभर जेवली. विहिरीच्या पाण्याबरोबर तिने गोळी गिळली.

"सूनबाय!" गडग्यापाशी दाजी हात धुऊन उभे होते. "थंय काय करतंस?"

सगळी पंगत वळून बघू लागली. दीपिकाचा चेहरा पांढराफटक पडला.

मथुराने तिच्या दंडाला धरून तिला उभे केले आणि पदर खोचला.

"घेवन जावा तुमची सून!" ती किंचाळली. "सासऱ्यापेक्षा वरचढ! वाडी खाली करा म्हणान सांगाक इली हा! तोंड असान गप बसणारी रांड मेली, आता माका शिकवता! तुजा तोंड तेवा खंय गेल्ला गो?"

यातले निम्मे शब्द खरे होते, आणि ते कुणासाठी होते हे दीपिकाला कळले. ती मान खाली घालून रिकामी कळशी तिथेच टाकून चालू लागली.

दाजींची छाती फुगली. ते मागच्या लोकांकडे वळले. "बगल्यात? आमची सून. कोणाक भियणारी न्हय."

मथुराचा घसा बसला होता. तरी तिने उरलासुरला जोर लावला.

"उद्या सगळी गावात परत जाशात! तरी ह्याच पेजेच्या वेळाक परत भांडाक ये गो, तुका बगून घेतंय!"

"येतली!" दाजी गडग्यावरून गरजले. "उद्याच काय, रोज येतली!"