जयंतीच्या निळ्यातली जर्सी

बॅग जड होती, पण प्रबुद्धला ती जड लागली नाही. कल्पिता वहिनीने दारातच ती त्याच्या हातात दिली नि म्हणाली, "एकतीस जर्सी आहेत. मी नाही मोजल्या, हेच सांगायचे तो आकडा." घाटकोपरहून मुलुंडला येईपर्यंत रिक्षात बॅग त्याच्या मांडीवर होती. उतरताना पाय टेकला तेव्हा कळलं, मांडीला मुंग्या आल्यात. कळलं खरं, टोचलं मात्र काही नाही.

गेले आठ महिने हे असंच चाललं होतं. दातांच्या डॉक्टरने सुई टोचली की ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, तसं. प्रबुद्धला हे सुचायला कारण होतं. तो जोगेश्वरीला दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. दिवसभर लोकांचे दात बनवायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ शिवदास ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्या दिवशी प्रबुद्धने एका बाईच्या दाढेची कॅप अर्धवट सोडली होती. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने ती पुरी केली. चांगली झाली होती.

मुलुंडला एका सोसायटीच्या मागे बास्केटबॉलचं कोर्ट आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथं जुन्या जर्सींचे शौकीन जमतात. अमेरिकेतल्या टीम वीस-तीस वर्षांमागे जे कपडे घालून खेळल्या, तेच कपडे आज कंपन्या रीतसर परवाना घेऊन पुन्हा काढतात. किंमत ऐकून घरचे कपाळाला हात लावतात, तरी हे घेतात. नि जी जर्सी कंपन्या काढत नाहीत, ती कुणी कारागीर बिनपरवान्याने शिवून देतो. तिला म्हणायचं कस्टम. कोर्टाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत नायलॉनची दोरी बांधायची नि तिच्यावर चिमटे लावून जर्सी टांगायच्या. दोरीवर फक्त ओरिजिनल. हा नियम शिवदासचा. कस्टम आणलीस तर घाल, मिरव, कुणी अडवत नाही. पण मानेवरच्या लेबलचा उजवा कोपरा कात्रीने उडवायचा, म्हणजे पुढेमागे कुणी ती ओरिजिनल म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारायला नको. कात्री शिवदासच्या खिशात असायची. मंडळी तिला 'सेन्सॉर' म्हणत. आता ती अल्पेशकडे होती.

आज अख्खी दोरी शिवदासची होती. दिवसभर त्याच्या जर्सी टांगून ठेवायच्या, एवढाच कार्यक्रम.

"ये प्रबु," अल्पेश म्हणाला. अल्पेशचं घाटकोपरला भांड्यांचं दुकान. बोलताना हिशेबाला बसल्यासारखा बोलायचा. "दोन वर्षांनी पाय ठेवलास."

"हो," प्रबुद्ध म्हणाला.

मालाडच्या मिथुनने बॅगची चेन उघडली. एकेक जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत, घडी मोडलेली नाही, लेबलं कोरी. शिवदासने त्यातली एकही कधी अंगाला लावली नव्हती. लाल, पांढरी, जांभळी, हिरवी. दोरी भरत गेली. वारा यायचा नि रिकामे कपडे छाती काढून उभे राहायचे. प्रबुद्ध चिमटे पुरवत होता. एकतिसावी टांगून झाली नि मिथुनने बॅगच्या तळाशी हात घातला.

"अजून एक आहे यार. ही पिशवीत नाहीये." त्याने ती झटकून सगळ्यांसमोर धरली.

निळी होती. गळ्याशी विटलेली, काखेत मऊ पडलेली, पुष्कळ वापरलेली. छातीवर आकडा अकरा.

"ही मी शिवलेली," तेजल म्हणाली. मुलुंडलाच एका खोलीत तिची दोन मशिनं होती. मंडळींमधल्या निम्म्या कस्टम तिच्या हातच्या. तिने प्रबुद्धकडे पाहिलं. "तू करून घेतली होतीस. शिवदासच्या वाढदिवसाला."

प्रबुद्धने मान हलवली. ती इथं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. वहिनीने केव्हाच बोहारणीला देऊन पातेलं घेतलं असेल असं त्याने धरून ठेवलं होतं.

"हिलापण टांगू," तो म्हणाला.

आठ महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ते आपल्याला खरंच हवं आहे की हवं असायला पाहिजे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण शब्द तोंडातून गेला होता नि आता तो मागे घ्यायचा नव्हता.

अल्पेशने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी काय बोलतो, वाईट नको वाटून घेऊ. नियम कोणाचा? शिवदासचा. दिवस कोणाचा? शिवदासचा. मग त्याच्याच दिवशी त्याचाच नियम मोडायचा?"

"नियम फसवणाऱ्यांसाठी होता रे," तेजल म्हणाली. "मी कुणाला फसवलंय? माझ्या प्रत्येक जर्सीवर माझं नाव असतं."

"परवाना असतो?"

"कसला परवाना? जी टीम बंद पडून तीस वर्षं झाली, तिच्यासाठी परवाना मागायला स्मशानात जाऊ?" बोलून गेली नि तिने जीभ चावली. प्रबुद्ध चिमट्याची स्प्रिंग बघत होता. त्याला काही लागलं नव्हतं.

"बंद टीमचं सोड. जी चालू आहे तिचं बोल."

"चालूचं बोलते. तुझी ती पिवळी, कंपनीची. तिच्यावरचा आकडा केवढा जाड आहे? जुने फोटो काढून बघ, एवढा नव्हता. मी शिवते तो फोटोबरहुकूम असतो. आता सांग, खरी कुठली?"

"कंपनीची. तिने चूक केली तरी ती ऑफिशियल चूक आहे."

"आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असाच बोलतो," मिथुन म्हणाला. "आणि प्रबुला काय विचारता? तो धंद्यानेच डुप्लिकेट बनवतो. लोक त्याचेच दात लावून ओरिजिनल हसतात."

थोडे हसले सगळे. प्रबुद्धही हसला, गाल वर गेल्याचं त्याला कळलं.

"पण ही निळी," अल्पेश हळू आवाजात म्हणाला, "ही तर कस्टममध्येपण बसत नाही. टीम लाल. कधी पांढरी, एकदा काळी. निळी ती टीम खेळलीच नाही कधी. ही नक्कलसुद्धा नाही यार. कशाची नक्कल?"

हेच शिवदास म्हणाला होता, इथंच, दोन वर्षांमागे.

खरं तर ती नक्कल होती, पण कंपनीला ठाऊक नसलेल्या एका जर्सीची. त्यांचे वडील धोंडिराम, घरात सगळे अण्णाच म्हणायचे, जिंतूरकडून येऊन पंतनगरला शिवणकाम करत. शाळेचे गणवेश, बाकी काही नाही. शिवदास तेरा वर्षांचा असताना त्याने पेपरात आलेला फोटो कापून आणला: एक उंच खेळाडू, हवेत, छातीवर अकरा. अण्णांनी फोटो खिडकीत धरला. पेपर काळा-पांढरा. रंग कोणता रे, त्यांनी विचारलं. शिवदासला माहीत नव्हतं, घरात केबल नव्हती. "गडद दिसतोय," अण्णा म्हणाले. "निळाच असणार." घरात जयंतीच्या पताकांचं निळं कापड उरलेलं होतं नि अभिमानाने छातीवर घालायचा दुसरा रंग अण्णांच्या लेखी जगात नव्हताच. त्यांनी मशीनवर शिवली, आईने, द्रौपदीने, हाताने काठ दुमडला. काठ दुमडताना ती स्वतःशीच म्हणायची:

सुईमागं दोरा बाई, दोऱ्यामागं गाठ
लेकाच्या गं अंगासाठी, आभाळाचा काठ

ती जर्सी घालून शिवदास मुलुंडला स्पर्धेला गेला. इथल्या मुलांच्या घरी केबल होती. कुठली टीम रे ही, त्यांनी विचारलं नि बराच वेळ विचारत राहिली. घरी येऊन शिवदासने जर्सी घडी करून ठेवून दिली. फाटली का, अण्णांनी विचारलं. नाही, लहान झाली, तो म्हणाला. अण्णांनी ते खरं मानलं. नंतर तिचं पायपुसणं झालं, नंतर तेही झिजलं. शिवदासने पहिल्या पगारात पहिली ओरिजिनल घेतली नि मग थांबलाच नाही.

आणि दोन वर्षांमागे प्रबुद्धने ती चूक पुन्हा करून आणली. भाऊ हसेल असं त्याला वाटलं होतं. शिवदासने सगळ्यांदेखत जर्सी उलगडली, आकड्यावरून बोट फिरवलं, मग खिशातून कात्री काढली. "ही कशाची कॉपी आहे, प्रबु?" कच् असा बारीक आवाज झाला. त्यानंतर प्रबुद्ध इथं आला नाही. दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटायचे, जेवलास का विचारायचे. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

"मी काही मनाचं सांगत नाही," अल्पेश म्हणत होता. "त्यानेच कापलंय. खूण दाखवतो, मग तूच बोल टांगायची का ते." त्याने निळीची मान उलटली, उजवा कोपरा बघायला. मग चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ नेली.

"तेजल, हे तुझं लेबल?"

तेजलने वाकून बघितलं. "नाही. माझं उसवलंय. बघ, जुन्या टाक्यांची भोकं आहेत."

तिच्या लेबलच्या जागी दुसरं लेबल होतं. बोटभर पांढरी फीत, तिच्यावर पिवळ्या रेशमी अक्षरांत विणलेलं: धोंडिराम टेलर, पंतनगर, घाटकोपर पूर्व. चारही कोपरे शाबूत. भोवतीचे टाके लांब, वाकडे, एक आत तर एक बाहेर. अण्णांनी शिवदासला कधी मशीनला हात लावू दिला नव्हता; तू शिक, म्हणायचे, हे मी करतो.

"कोण धोंडिराम?" मिथुनने विचारलं.

"आमचे वडील," प्रबुद्ध म्हणाला. अशा फितींचं एक रिळ अण्णांच्या बटणांच्या डब्यात होतं. डबा शिवदासकडे गेला होता, मशीन प्रबुद्धकडे. "पहिली त्यांनी शिवलेली. निळी. फोटो काळा-पांढरा होता."

एवढंच त्याने सांगितलं. तेवढं पुरलं.

अल्पेशने पुढचं सगळं नेहमीसारखं केलं, तोंडावरची रेष न हलवता. बाजूची शिवण ओढून बघितली. आकड्याचे थर नखाने मोजले. लेबल पुन्हा वाचलं, ओठ हलवत. जुन्या बाजारात जर्सी घेण्याआधी करतात ती तपासणी, तिन्ही पायऱ्या.

"पहिली ज्याने काढली त्याचं लेबल आहे," तो शेवटी म्हणाला. "लावणाऱ्याने अधिकाराने लावलंय. रंग चुकलाय."

"मग?" तेजल म्हणाली.

"मग काय. ऑफिशियल चूक आहे." त्याने जर्सी प्रबुद्धच्या हातात दिली. लेबलाखाली दोऱ्याचं एक शेपूट लोंबत होतं, गाठ न मारता सोडलेलं. अल्पेशचा हात सवयीने कात्रीकडे गेला. "हे उडवू?"

"राहू दे," प्रबुद्ध म्हणाला.

त्याने ती दोरीच्या टोकाला, खांबाजवळ टांगली. बाकीच्यांना दोन चिमटे होते, हिला तीन लावले. आता काहीतरी येईल असं वाटून तो जरा वेळ तिच्यासमोर उभा राहिला. वारा आला. निळीची छाती बाकीच्यांसारखी फुगली नाही, कापड वापरून मऊ झालं होतं. ती नुसती हलली.

फोन वाजला. वहिनी होती.

"झालं का टांगून?"

"झालं."

"ती निळी दिली त्यांनी लावू?"

"दिली." मग तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"घरी तीच घालायचे रे. टाके घालताना दोनदा सुई टोचून घेतली. म्हटलं प्रबुला सांगा, तर म्हणाले, रविवारी येईल तेव्हा दिसेलच की." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "तू आलाच नाहीस कुठल्या रविवारी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, शिट्ट्या मोजताना बोलावं तसं ती बोलली. "आणि ऐक, ती मी धुतली नाहीये. बाकीच्यांत नको घालूस. वेगळी आण."

"बरं," प्रबुद्ध म्हणाला.

फोन ठेवून तो निळीजवळ गेला. कोणी बघतंय का हे त्याने पाहिलं नाही. गळ्याशी नाक नेलं, थांबला, पुन्हा नेलं. कापडाचा वास आला. नुसत्या कापडाचा, नि बॅगेतल्या डांबरगोळीचा थोडा.

तो बाकावर येऊन बसला. वेगळी पिशवी कुणाकडे आहे का, त्याने विचारलं. मिथुनने आपल्या डब्याची रिकामी करून दिली. ती पिशवी प्रबुद्धने चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवली. तेजलने टपरीवरून चहा आणला होता. त्याने ग्लास दोन्ही हातांत धरला. चहा गरम असणार, कारण तेजल तिच्या ग्लासवर फुंकर घालत होती.