देण्याघेण्याची साडी

मी सुरतेची एक साडी बोलतेय. आंबा रंगाची, हिरव्या काठांची. नेसलेली म्हणाल, तर एकदाही नाही!

सुरतेतल्याच गोडादऱ्यात मागावर सुकदेवने मला विणलं. माझा धागाच मुळी खनिज तेलापासून काढलेला, पॉलिस्टरचा. पुढे रंगाईच्या मिलमध्ये कोळसा जाळून, वाफेवर मला उकळवलं, वाळवलं. माझ्यापायी आभाळात केवढा धूर गेला, ते मी बघितलंय. म्हटलं, जाऊ दे, कुणाच्या तरी अंगाला लागेन.

कसलं काय! सुकदेवच्याच बायकोने, उषाबाईने, मला आहेरासाठी घेतलं. गाडीत बसून अमळनेरच्या लग्नाला गेले, तिथून धुळ्याच्या बारशाला, आणि आहेरातून आहेरात फिरत पुन्हा उषाबाईच्याच कपाटात. सगळीकडे बायका माझी प्लास्टिकची पिशवी वरूनच चाचपायच्या, "छान आहे, ठेव देण्याघेण्यात."

एकदा उषाबाईची लेक हर्षदा कॉलेजचा अभ्यास घेऊन बसली. आपल्या घरामुळे हवेत किती कार्बन जातो, ते काढायचं होतं. गॅस, पंखे, पप्पांची मोटारसायकल, सगळं धरलं.

"मम्मी, वर्षाला कपडे किती घेतो आपण?"

"दोन-चार."

"आणि या कपाटभर साड्या?"

"त्या कुठे आपल्या शेतस? देवाघेवान्या शेतस त्या!"

हर्षदाने आम्हाला हिशेबातून सोडून दिलं. माझा नुसता जळफळाट झाला. प्रत्येक घरात मी परकी, मग माझा धूर कुणाचा गं बायांनो?

पण ते तिच्या मनात राहिलं असावं. लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, नव्या साड्यांचा ढीग नको. हळदीला मी हीच नेसते."

काय सांगू, जीव हरखला माझा!

"आहेरातली नेसशील? लोक काय म्हणतील?" उषाबाई कडाडली. नवा गठ्ठा आलाच, आणि त्यातच मला कोंबून सासरच्या मानपानात दिलं.

भेस्तानला हर्षदाच्या सासूने, शोभाबाईंनी, पिशवी चाचपली. "छान आहे. ठेव गं देण्याघेण्यात."

हर्षदाने मला ओळखलं. पिशवीवरूनच काठावर बोट फिरवलं. आता बोलेल, मला वाटलं. ती म्हणाली, "हो, आई."

काल शोभाबाईंनी विचारलं, "तुझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाला काय न्यायचं?" हर्षदाने कपाट उघडलं आणि मलाच काढून दिलं.

शिकलेली ना गं तू? धूर व्हायचा तो कधीच होऊन गेला होता. माझी घडी तेवढी मोडायची होतीस.