राहून गेलेलं कार्ड

“नो सिस्टर, नो इंजेक्शन!” असं ओरडून हिरेमठ सरांनी पोटावरची उशी आवळली आणि लाकडी बाकावर भिंतीकडे तोंड फिरवलं.

“यू आर अफ्रेड, आय अंडरस्टँड,” कौसर त्यांच्या उशाशी वाकून म्हणाली. “आय विल बी व्हेरी जेंटल.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस, सर.”

सर उठून बसले आणि एकदम मराठीत आले. “पेशंटला सर म्हणतेस होय गं? मिस्टर हिरेमठ म्हण. बाकी फर्स्ट क्लास.”

पाऊण तासाने कौसरची ऑनलाइन मुलाखत होती. आखातातल्या एका इस्पितळाला नर्सेस हव्या होत्या आणि वयाची अट होती पस्तीस. कौसर पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण करणार होती, म्हणजे संधी ही एवढीच. नवरा वारल्यापासून ती मुलीला घेऊन भावाच्या दोन खोल्यांत राहत होती. तिथे भिंतीपलीकडे यंत्रमागांचा दिवसभर खडखडाट, म्हणून मुलाखत सरांच्या घरूनच द्यायची ठरली होती.

हिरेमठ सरांनी अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं ते व्याकरणाच्या जोरावर. मुलं पास झाली, पण एक जण चार वाक्यं बोलेल तर शपथ. रिटायर होऊन घरी क्लास काढल्यावर त्यांना शोध लागला, की लाजणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं सोंग दिलं की तो खडाखडा बोलतो. मग काय, सर कधी चिडकं गिऱ्हाईक व्हायचे, कधी बँकेतले साहेब, आणि कौसर यायला लागल्यापासून पेशंट. एकदा तर ते इतकं मन लावून कण्हले, की शेजारच्या गोजाबाई हळदीचं दूध घेऊन धावत आल्या होत्या.

नर्सेसना आखातात पाठवणाऱ्या एजन्सीने सरावासाठी वीस कार्डं दिली होती. प्रत्येकावर एक प्रसंग. त्यातले एकोणीस चार महिन्यांत घोटून झाले. विसाव्यावर लिहिलं होतं : पेशंट रात्री वारला आहे, नातेवाईक आत्ता आला आहे, त्याच्याशी बोला. हे कार्ड वर आलं, की सर ते गठ्ठ्याच्या तळाशी सारायचे. “हे विचारत नाहीत,” म्हणायचे. सर म्हणतात म्हणजे नसतील विचारत, असं कौसरला वाटायचं.

खरं तर एजन्सी काय विचारते नि काय नाही, याचा सरांना पत्ताच नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको शांतम्मा दवाखान्यात वारली, तेव्हा ते डबा आणायला घरी आले होते. परत गेले तर कॉट रिकामी. बाकी सगळी सोंगं त्यांना जमायची. हे मात्र सोंग नव्हतंच.

अकराला लॅपटॉपवर एक बाई आल्या. खोलीत दुसरं कुणी नको, अशी अट होती. सर स्वयंपाकघराच्या दाराशी, बाईंना दिसणार नाही असे उभे राहिले. नाव, अनुभव, ड्यूटीच्या वेळा... कौसर झकास बोलत होती. सरांची छाती फुगली.

मग बाईंनी इंग्रजीत सांगितलं, “आता मी पेशंटची मुलगी. माझी आई पहाटे वारली, पण मला अजून माहीत नाही. तुम्हाला दोन मिनिटं आहेत.” आणि लगेच आवाज बदलून त्या म्हणाल्या, “सिस्टर, व्हेअर इज माय मदर?”

सरांनी कार्डांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“मॅडम, युवर मदर...” कौसर एवढंच बोलली. अशी वेळ वॉर्डात तिच्यावर कितीदा तरी आली होती. पण ती मराठीत, नाहीतर घरच्या दखनीत. इंग्रजीत काय म्हणायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. “प्लीज सिट,” ती म्हणाली आणि शेजारचं स्टूल तिने पडद्यावरच्या बाईंसाठी पुढे ओढलं. मग त्यांच्याकडे बघत राहिली.

“बोला ना सिस्टर,” बाई म्हणाल्या.

कौसरने दाराकडे पाहिलं. सरांना वाक्य येत होतं, शाळेतल्या पोरालाही आलं असतं. नुसते ओठ हलवले असते तरी तिने ओळखलं असतं. सरांनी चौकट धरली, तोंड उघडलं, आणि त्यांना काही म्हणजे काही जमलं नाही. आई कुठेय, हे त्या बाईंनी विचारलेलंच त्यांच्या कानात घुमत होतं.

वेळ संपली. आमच्याकडे नातेवाइकांशी बोलावं लागतं, तुम्हाला घेता येणार नाही, असं बाईंनी सभ्यपणे सांगितलं आणि त्या गेल्या.

कौसरने गठ्ठ्यातून तळाचं कार्ड काढून वाचलं.

“सर, हे तर आपण केलंच नाही की.”

“नाही केलं. विचारत नाहीत म्हणून खोटं सांगितलं मी. माझ्यानं होत नव्हतं गं.”

“मग तसं सांगायचं होतं की! दुसऱ्या कुणाकडं जाऊन केलं असतं मी.” तिचा आवाज चिरकला. “आता कोण घेणार मला?”

आपण हिचं नुकसान केलं आणि ते आता कशानेही भरून येणार नाही, एवढंच सरांना कळत होतं. कौसरने पर्स उचलली, दाराशी जाऊन एका पायात चप्पल घातली.

“मला कुणी काही सांगितलंच नाही त्या दिवशी,” सर मागून म्हणाले. “वॉर्डबॉय म्हणाला, खाली जावा. खाली म्हणजे कुठं, ते पण नाही. मी हातात डबा घेऊन सगळ्या मजल्यांवर हिंडलो.”

कौसर थांबली. तिने चप्पल काढली आणि परत आत आली.

“बसा सर.”

“तुला दोनची ड्यूटी आहे ना?”

“हाय. बसा तुम्ही.”

सर बाकावर बसले. ती त्यांच्या शेजारी बसली आणि नाडी बघतात तसं त्यांचं मनगट तिने धरलं. थोड्या वेळाने सर रडायला लागले, तरी तिने मनगट सोडलं नाही.