जिन्यातला दम

शिंपीमास्तरांची शिवणकामाची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि मास्तरांचं वय चौऱ्याहत्तर. हल्ली एकेक मजला चढला की त्यांना कठड्यावरची धूळ तपासायची हुक्की यायची. दम लागला हे कबूल करतील तर ते मास्तर कसले! पण त्यांची लेक काही दुधखुळी नव्हती.

"बाबा, हृदयाची तपासणी करून घ्या. डॉक्टर जिना नको म्हणाले तर खोली बंद. मशीन खाली आणू."

खाली उजेडाच्या नावाने शंख. काळ्या कापडावर काळा दोरा तिथे दिसणार कसा? मशीन खाली आलं की काम सुटलंच, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

तपासणीच्या दिवशी त्यांनी अतिशहाणपणा केला. दवाखाना चौथ्या मजल्यावर. लेक लिफ्टची वाट बघत असताना हे जिन्याने तरातरा निघाले. गडी अजून खणखणीत आहे हे डॉक्टरांना कळायला नको? पोचले तेव्हा घामाने डबडबलेले, तोंडातून शब्द फुटेना. नर्सने थेट खाटेवर आडवं केलं. लेक रडकुंडीला आली. मास्तरांनी मनातल्या मनात खोलीचा निरोप घेतला.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांना पडद्यावर त्यांचंच हृदय दाखवलं. "आजोबा, हा आजार नाही, वय आहे. भिंती थोड्या जाड झाल्यात, ताठही. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडून रक्ताने भरतं, त्याला आता जरा वेळ लागतो. तरुणपणीचा वेगही त्याला गाठता येत नाही. जिना खुशाल चढा, पण सावकाश, थांबत थांबत. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच यायचं."

"म्हणजे खोली..."

"राहील," लेक म्हणाली. "पण दम लागला की सांगायचं. लपवलंत तर कुलूप!"

दुसऱ्या दिवशी पहिल्याच मजल्यावर खुर्ची मांडलेली. मास्तरांचं पित्त खवळलं. म्हातारपणाची जाहिरात करायची होती की काय? ओरडायला वळले, तर लेक दुसरी खुर्ची घेऊन वर येत होती.

"ही आणि कुणाची?"

"माझी. रोज तुम्ही वर पोचून मशीनचा आवाज येईपर्यंत मी खाली श्वास रोखून उभी असते, बाबा. मला नाही का दम लागत?"

मास्तरांचा राग कुठल्या कुठे पळाला. ते मुकाट खुर्चीत टेकले.

"दम लागलाय गं," ते म्हणाले. लेक शेजारी बसली, आणि वर जायची घाई दोघांनीही केली नाही.