आबांनी पाहिलेलं घर

अमळनेरपासून दोन कोसांवर, बोरी नदीकाठच्या एका गावात तोतारामआबा राहत. शेती बेताची, पण पंचक्रोशीत मान मोठा, आणि तो त्यांच्या नजरेमुळे. सोयरीक जुळवावी तर आबांनीच. मुलाकडच्या घरी गेले की ते आधी गोठ्यात शिरत. मालकानं हात उचलला की बैल अंग चोरतो का, एवढंच पाहत. चोरलं, तर चहाला न थांबता उठत. पाहुण्यांपुढे माणसं गोड बोलतात, बैलाला तसं शिकवून ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशी चाळीसेक लग्नं त्यांनी जमवली आणि एकाही पोरीचा बाप त्यांच्या दारी भांडायला आला नाही. एवढं यश आलं की माणूस थोडा फुगतोच. आबा अंमळ जास्तच फुगले होते.

एकुलती लेक बेबा त्यांनी धुळ्याच्या अलीकडे, पांझरेकाठच्या एका गावात धनसिंगला दिली. गोठा आबांनी नेहमीप्रमाणे पाहिला. धनसिंग जवळ जाताच तांबडा बैल दावं ओढून मागे सरकला. आबांना ते लख्ख दिसलं. पण बाहेर बारा एकर बागायत होती, विहिरीला बारमाही पाणी होतं, आणि एवढ्या मोठ्या घरी लेक पडली असं चारचौघांत सांगायची घाई मनात होती. नवा बैल असेल, मालकाला ओळखत नसेल अजून, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि सुपारी फोडून मोकळे झाले.

पंचावन्न सालची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. बाप नाहीतर भाऊ मुराळी होऊन जातो आणि लेकीला माहेरी आणतो. मग चार दिवस गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस, आणि कडुनिंबाला टांगलेले झोके. लग्नाआधी बेबाचा झोका गावात सगळ्यांत उंच जायचा. या खेपेला ती झाडाखाली नुसती उभी राहिली. मैत्रिणींनी ओढलं तरी चढली नाही.

"पोर पोक्त झाली," आबा कौतुकानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, लेकीला न्हाऊ घातलं आणि तशाच ओल्या हातांनी त्या ओसरीवर आल्या. "पोरनी पाठ देखी का तुम्ही? निळी पडेल शे."

"गवताचा भारा वाहताना दोर लागला असेल," आबा म्हणाले.

"दोर इतल्या जागे लागस?"

आबांनी पायात वहाणा सरकवल्या. चावडीवर पत्त्यांचा डाव मांडला होता, तिकडे ते निघून गेले. सणाचे उरलेले दोन दिवस लेक समोर आली की त्यांना काहीतरी काम आठवायचं. पाठ पाहायला फार वेळ लागला नसता. त्यांनी पाहिली नाही.

परत पाठवायच्या दिवशी अमळनेरच्या एसटी स्टँडवर नुसता आकांत. दहाबारा लेकी आणि त्यांचे बाप-भाऊ, जी ती गळ्यात पडून हुंदके देतेय. आमच्याकडे रीतच आहे तशी. सासरी निघालेली लेक रडली नाही तर बायका नावं ठेवतात. बेबा मात्र गळ्यात पडली नाही. ती बापाच्या अगदी जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आबा, माले तठे नका धाडू. आठे मी शेण काढसू, वावरमा जासू. कोनाडामा पडी ऱ्हासू. पन तठे नका धाडू."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. झालं, आबांना हवं होतं ते सापडलं. "येडी का काय! देख आजूबाजूले. अखाजीले बठ्ठ्या पोरी अशाच रडतस. तुन्ही मायबी रडे." असं म्हणून ते हसले, आणि एसटी आल्यावर त्यांनी तिचं बोचकं स्वतःच्या हातानं वर चढवलं. अशा वेळी असल्या शहाण्या माणसाचा हात धरून त्याला गदागदा हलवावंसं वाटतं. पण स्टँडवर सगळेच बाप हसत होते आणि सगळ्याच लेकी रडत होत्या. त्यात ही एक वेगळी कुणाला कळणार?

पुढच्या अखाजीला आबा मुराळी म्हणून गेले, तेव्हा बेबानं त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि खाली पाहत सांगितलं, "यंदा नई येस मी."

"काबरं? कसं काय चालू शे तुन्हं?"

"चांगलं शे, आबा."

ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात कंप. आबा एकटेच परत फिरले. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी आपण होऊन सांगितलं, की लेक सासरी अशी रमली की तिला माहेरही नको. त्या माणसानं मान डोलावली. आबांनी तेच त्याला पुन्हा एकदा सांगितलं.

घरी सुगंधाबाईंनी सांजोऱ्या तळून ठेवल्या होत्या. नवरा एकटाच आलेला पाहून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. आबांनी हसून सगळं सांगितलं. सुगंधाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाल्या, "जवलोंग रडे, तवलोंग तिले वाटे, आपला बाप शे."

तेवढ्यात दारात भटू आला. भटू आबांचा चुलतभाऊ, साधा माणूस, आबांच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. त्याची लेक सुनंदा यंदा लग्नाची झाली होती.

"आबा, बरं झालं भेटनात. धनसिंगना धाकला भाऊ शे ना, त्याना घरनं बोलावणं येल शे सुनंदासाठे. तुमनी लेक तठेच शे, मंग माले काय चिंता? तुम्ही हा म्हना, मी उद्या सुपारी फोडस."

"नको," आबा म्हणाले.

किती पटकन म्हणाले! विचार करायलाही थांबले नाहीत. वर आवाज चढवून म्हणाले, "तठे पोर नको देऊ भटू. अजिबात नको देऊ." आणि आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून ते जागच्या जागी थिजले. भिंतीपाशी बसलेल्या सुगंधाबाईंनी मान वर केली.

भटू गोंधळला. एकदा आबांकडे, एकदा वहिनींकडे पाहत राहिला. त्याच्या मनात कसलंही पाप नव्हतं. आबांनी नको म्हटलं म्हणजे नको, एवढंच त्याला ठाऊक होतं. पण एक गोष्ट त्याला खरोखरच कळेना, म्हणून त्यानं विचारलं.

"मंग बेबा तठे काबरं शे, आबा?"

आबांनी तोंड उघडलं. दोर, भारा, रीत, सगळ्या पोरी. जिभेवर एकही कारण येईना. भटू उत्तराची वाट पाहत उभा राहिला.