हिरवं पाकीट

आमच्या गावात यंत्र म्हटलं की त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट आलंच. बँकेत, दवाखान्यात, मासळीच्या लिलावातल्या काट्यावर, सगळीकडे. पाकिटावरच्या नावाचा अर्थ 'शहाणं बाळ'. म्हणजे शहाण्यासारखं वाग, त्रास देऊ नकोस. हिरवंच हवं, पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, आणि तारीख उलटलेलं ठेवलं तर विचारायलाच नको. तैवानातले मोठमोठे इंजिनियरही याला अपवाद नाहीत, त्यामुळे मी कुणाला हसत नाही. माझ्या स्कूटरच्या डिकीतही एक आहे.

मी इथल्या प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनाचे विषय मागितले तेव्हा पाचवीतल्या निंग-अननं हात वर केला.

"बाई, ते पाकीट खरंच चालतं का?"

"बघ की करून."

एवढंच मी म्हणाले. बाकी सगळं तिचं. ऑफिसातलं झेरॉक्सचं यंत्र सारखं कागद खायचं, तेच तिनं धरलं. कधी हिरवं पाकीट ठेवायची, कधी पिवळं, कधी काहीच नाही, आणि कागद कधी अडकतो ते बघत बसायची. एकदा आमचे मुख्याध्यापक लू सर आत आले आणि पिवळं बघून जागीच थबकले.

"च्येन बाई, हे कुणी ठेवलं? परीक्षेचे पेपर काढायचेत. माझं वाटोळं करायचंय का?"

"सर, प्रयोग चाललाय."

"प्रयोग उंदरावर करा. हे यंत्र सरकारी आहे."

पण निंग-अन चिकट. कागद हिरव्यालाही अडकत होता आणि पिवळ्यालाही. मग तिच्या लक्षात आलं की कोरडा वारा असला की यंत्र सुरळीत चालतं आणि समुद्रावरून दमट हवा आली की अडतं. तिची आमा, म्हणजे आजी, कालवं सोलायचं काम करते. आमा वाळवलेलं समुद्री शेवाळ सादळू नये म्हणून डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकते. निंग-अननं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, पुरचुंडी टाकली, कागद त्यात ठेवले. दमट हवेतही यंत्र धडधड चालायला लागलं.

"यंत्र शहाणंच होतं, बाई," ती म्हणाली. "कागदालाच सर्दी झाली होती."

इतक्या वर्षांत इतका खरा प्रयोग मी आमच्या शाळेत पाहिला नव्हता. हा तुझ्या नावानं जिल्ह्याला जाणार, असं मी तिला सांगून टाकलं.

लू सरांनी तिचा निरीक्षणांचा तक्ता वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाकीट चालत नाही, असा निष्कर्ष? अहो, परीक्षकांच्या प्रयोगशाळेतही हीच पाकिटं आहेत. त्यांना तोंडावर मूर्ख म्हणायचं?"

खरी गोष्ट पुढे होती. पालक संघाचे अध्यक्ष श्यू साहेब यांचे धाकटे भाऊ विद्यापीठात शिकवतात. कालवांच्या शिंपल्यांच्या भुकटीनं पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प त्यांनी तयारच करून ठेवला होता, यंत्रासकट. पहिलं नाव श्यू साहेबांच्या मुलाचं, काय-श्यांगचं, आणि दुसरं निंग-अनचं.

"आजीनं वाढवलेली, कालवं सोलणाऱ्या घरातली पोर," लू सर म्हणाले. "विषयाला शोभते."

"सर, तिचं स्वतःचं काम तयार आहे. या दुसऱ्यावर मार्गदर्शक म्हणून मी सही करणार नाही."

"नका करू. मी करतो. च्येन बाई, जास्त शहाणपणा बरा नाही."

मी आमाकडे गेले, तर तिनं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं की नातीचा अध्यक्षांबरोबर फोटो निघणार. कालवांची रस्सा-शेवई माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "बाई, आमच्यात कुणाचं नाव असं छापून आलं नाही हो." मी शेवई खाल्ली आणि परत आले.

जिल्ह्याच्या क्रीडागृहात लू सरांनी स्वतः दोन्ही हातांनी त्या उसन्या यंत्रावर हिरवं पाकीट ठेवलं. काय-श्यांगनं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. निंग-अनच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "आमाला मदत करताना मला ही कल्पना सुचली." तेही तिनं नीट म्हटलं.

जाता जाता एक परीक्षक थांबले. पाकिटाकडे बोट करून त्यांनी हसत निंग-अनला विचारलं, "आणि हे? चालतं का खरंच?"

बोल पोरी, मी मनात म्हणत होते, कागदाच्या सर्दीचं सांग, शिंपल्यांचा बाजार उठला तरी उठू दे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लू सरांकडे.

"चालतं, सर," ती म्हणाली.

सगळे हसले. पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं.

परतताना बसमध्ये मी तिच्याशेजारी बसले. "खरं का नाही सांगितलंस?"

"त्यांनी हसत विचारलं, बाई," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "खरं हवं असलं की माणसं हसत नाहीत."

मला रडू आलं, आणि रागही आला. तिचा नाही.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात गेले तर कागदाचा गठ्ठा उघड्यावर पडला होता. तिचा पत्र्याचा डबा कपाटात होता. त्यात बक्षिसाचं प्रमाणपत्र आणि फीत ठेवली होती, ओल लागू नये म्हणून. पुरचुंडीही तशीच होती. बाहेर हवा दमट होती. यंत्रानं कागद खाल्ला आणि थांबलं.

"हिरवं पाकीट कुठं गेलं इथलं?" लू सर ओरडले.

निंग-अन हजेरीपट ठेवायला आली होती. तिनं कपाटातल्या डब्याकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं मला वाटलं. ती बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि धापा टाकत नवीन पाकीट घेऊन आली.

"शहाणी गं पोर," लू सर म्हणाले.

तिनं ते यंत्रावर बरोबर मधोमध ठेवलं आणि त्याआधी उलटं करून तारीख बघायला विसरली नाही.