कोपराची जागा

"मीठ? अहो, गाडीला मीठ?" शेजारचे पेंटरकाका कुंपणापलीकडून ओरडले आणि बाबांच्या हातातली बादली तशीच अधांतरी राहिली.

बाबांचंही काय चुकलं म्हणा! जन्म गेला कपडे शिवण्यात. सकाळी उत्साहानं गाडी धुतली, पॉलिश लावून बॉनेट घासायला घेतलं, तर हातातलं फडकं लालभडक. कापडाचा रंग जायला लागला की ते मिठाच्या पाण्यात बुडवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. गाडी बुडवता येत नाही, म्हणून बादली.

"गंजून जाईल ती! निघतोय तो वरचा मेलेला रंग. जुन्या गाड्यांचं असंच असतं. खालचा अजून चांगला आहे. घासा बिनधास्त, फक्त हात हलका ठेवा."

"जीवच गेला होता माझा," बाबा मटकन पायरीवर बसले. "म्हटलं, हिच्या गाडीची मीच वाट लावली."

हिची म्हणजे आईची. आई नर्स. रात्री-अपरात्री याच गाडीतून ती बाळंतिणींकडे धावायची. बाबांना गाडी चालवता येत नाही. त्यांची जागा कायम तिच्या शेजारी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी अंगणात उभी राहिली. आधीच उन्हानं फिकटलेली, ती पार गुलाबी पडली. परवा डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिली, तर आईच म्हणाली, "विकून टाका आता. तीही विटली, मीही विटले." ते ऐकून बाबा ताटावरून तसेच उठले.

आज मात्र त्यांच्या अंगात आलं होतं. अस्तराचं मऊ कापड घेऊन आधी बॉनेट, मग छप्पर, मग एकेक दार. दुपारी बॉनेटमध्ये त्यांचं टक्कल दिसायला लागलं. मी हसले, तर ते वाकून पुन्हा पुन्हा बघायला लागले. मला त्यांचा इतका प्रेमाचा राग कधी आला नव्हता. जेवण दोनदा गार झालं होतं.

संध्याकाळी आई काठी टेकत बाहेर आली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली आणि गाडीभोवती हळूहळू फिरली. चालकाच्या दाराशी मात्र थांबली. काचेखाली हातभर जागा तशीच फिकट होती.

"टेलरसाहेब, इथली टीप सुटली वाटतं."

"सुटली नाही. मुद्दाम ठेवलीय," बाबा फडक्याशी चाळा करत म्हणाले. "तिथं तुझं कोपर असतं."

आई काठी माझ्याकडे देऊन आत बसली, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. ते बरोब्बर त्या फिकट जागेवर टेकलं.

"बघत काय उभे राहिलात? बसा! की आता तुम्हालाही पॉलिश करू?"

बाबा धावतच दुसऱ्या बाजूला गेले. लाल गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली. पेंटरकाकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवायच्या होत्या, पण आईची काठी माझ्याच हातात राहिली होती.